कादंबरी वाचताना मागे काय लावायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात कादंबरी आणि कानात काहीतरी चालू, असं माझं गेली पंधरा-सोळा वर्षं चाललंय, त्यामुळे बहिणीपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी हे प्रश्न कधी ना कधी विचारलेत. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. काही गोष्टी संशोधनातून आलेल्या आहेत, काही माझ्या अनुभवाच्या, कुठली कुठे ते सांगतच जाईन.

मागे काही लावलं तर लक्ष खरंच जास्त लागतं का?

संशोधन बघितलं तर ते आपल्या बाजूने नाहीये. वासिलेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वाचन आणि आवाज या विषयावरचे ६५ अभ्यास एकत्र करून तपासले, तर गोंगाट, बोलणं, संगीत सगळ्यानेच मजकूर समजण्यात थोडी घट होते असं निघालं. घट छोटीच, पण होते. सगळ्यात जास्त त्रास कळणाऱ्या बोलण्याचा आणि शब्द असलेल्या गाण्यांचा.

पण ही तुलना बहुतेक वेळा शांततेशी असते हो. शांत खोली, एक उतारा, मग त्यावर प्रश्न. आपल्या घरात शांतता हा पर्याय असतोच कुठे? संतूर बंद केलं तर कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, हॉलमधली मालिका आणि खाली सोसायटीच्या गेटवर चाललेलं भांडण ऐकू येतं. म्हणजे माझ्यापुढचा प्रश्न 'संगीत की शांतता' हा नसतोच, तो 'माझ्या पसंतीचा आवाज की दुसऱ्याच्या' हा असतो, आणि तिथे मी माझ्या पसंतीचा घेते. शांतता मिळत असेल तर ती घ्याच, त्याबद्दल खाली लिहिलंय.

शब्दांची गाणी एवढी का नडतात?

कारण मनातल्या मनात वाचताना सुद्धा डोक्यात कोणीतरी बोलत असतं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आपण काम करताना वापरतो त्या तात्पुरत्या स्मरणशक्तीचं (वर्किंग मेमरीचं) एक मॉडेल मांडलं, त्यात शब्दांचे आवाज काही सेकंद धरून ठेवणारा एक वेगळा भाग आहे. वाचलेलं वाक्य शेवटापर्यंत पोचेपर्यंत त्याची सुरुवात तिथे थांबलेली असते, विशेषतः वाक्य लांब असेल तेव्हा. आता कानातून गाण्याचे शब्द आले की ते विचारून येत नाहीत, सरळ त्याच जागेत घुसतात आणि वाक्याची सुरुवात बाहेर पडते. मग आपण तीच ओळ दुसऱ्यांदा वाचतो.

कादंबरीत तर हे जास्तच जाणवतं, कारण तिथे नुसती माहिती नसते, आवाज असतो. मालवणी बोलणारी म्हातारी असते, वऱ्हाडी पाटील असतो, अहिराणीत रागावणारी आई असते. तो हेल डोक्यात वाजला नाही तर संवाद नुसते कळतात, ऐकू येत नाहीत. एकदा मी ग्रामीण कादंबरी वाचताना भावगीतं लावून बसले होते आणि साठ-सत्तर पानांनंतर लक्षात आलं की सगळी माणसं माझ्या डोक्यात एकसारखी बोलतायत, पुणेरी, वर्तमानपत्रातल्यासारखी. गाणी बंद करून मागे गेले, तीच पानं परत वाचली, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा झाला. त्या दिवसापासून कादंबरीबरोबर शब्दांची गाणी बंद. भावगीतांवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच ती मी पुस्तक मिटून ऐकते.

मी याला साथीसारखं बघते. गाणारा एकच, तो म्हणजे पुस्तक. मागे जे वाजतंय ते साथीला बसलंय, आणि साथीदाराने गाणाऱ्यावर कुरघोडी केली की मैफल बिघडते.

मग न कळणाऱ्या भाषेतली गाणी चालतील का? कोरियन वगैरे?

कळणाऱ्या गाण्यांपेक्षा बरी, पण पूर्ण निरुपद्रवी नाहीत. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन उतारा लावला. जर्मन येत नसतानाही चुका वाढल्या. म्हणजे अर्थ कळला नाही तरी मेंदू माणसाचं बोलणं हे बोलणं म्हणूनच घेतो. तरी ते काम यादी लक्षात ठेवण्याचं होतं, कादंबरीचं नाही. माझा अनुभव सांगते, पोर्तुगीज गाणी मला हलक्याफुलक्या रहस्यकथेबरोबर चालतात, पण तमिळ नाही, कारण त्यात मधूनच ओळखीचा संस्कृत शब्द येतो आणि लगेच कान टवकारले जातात.

पण माझी गाणी पाठच आहेत, त्यांच्याकडे माझं लक्षच जात नाही. तरी?

हा युक्तिवाद मी पण खूप वर्षं केला. पेरहॅम आणि करी यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. आवडीची शब्दवाली गाणी, नावडती शब्दवाली गाणी, बिनशब्दांचं संगीत आणि शांतता. आवडीची असोत की नावडती, शब्द असलेल्या दोन्ही प्रकारांत समज कमी झाली, बिनशब्दांचं आणि शांतता यात लोकांनी जास्त चांगलं केलं. आवडीमुळे मूड छान होतो, वाचायला बसावंसं वाटतं, एवढं नक्की. म्हणून मी काय करते, चहा होईपर्यंत आवडीची दोन गाणी लावते आणि पुस्तक उघडलं की बंद.

शास्त्रीय संगीतातलं काय लावावं?

हा माझा लाडका प्रश्न, त्यामुळे इथे जरा सविस्तर.

सगळ्यात आधी तानपुरा. नुसता तानपुरा. लोकांना हे विचित्र वाटतं पण करून बघा. चार तारा, बहुतेक वेळा प सा सा सा अशा लावलेल्या, एकामागून एक छेडत राहायच्या, आणि घोडीवर (तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यावर) तारेखाली सुताचा धागा सरकवून जी जवारी काढतात त्यामुळे तो भरलेला, घुमणारा नाद तयार होतो. त्यात चाल नाही, लय जाणवेल असा ठोका नाही, पुढे काय होणार ही उत्सुकता नाही. तो असतोच मुळी दुसऱ्या कोणाला तरी गाता यावं म्हणून. मिरजेत पिढ्यानपिढ्या हे तानपुरे बनतायत आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. आता मोबाईलवर तानपुऱ्याची ॲप आहेत, पट्टी (म्हणजे मूळ सूर) खाली ठेवा, पुरुषी गळ्याची काळी एक (पेटीवरची पहिली काळी) किंवा त्याहून खाली, आवाज अगदी कमी, आणि वाचा. गंभीर, सावकाश कादंबरीला यापेक्षा चांगली साथ मला अजून सापडली नाहीये.

मग आलाप, म्हणजे तबल्याशिवाय सावकाश केलेली रागाची मांडणी. धृपद या जुन्या, संथ गायकीच्या अंगाने वाजणारी रुद्रवीणा मिळाली तर बघा, झिया मोहिउद्दीन डागर यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकेक स्वर इतका निवांत येतो की दोन स्वरांच्या मध्ये आपला एक परिच्छेद होतो. (त्यांनी आपल्या पनवेलजवळ पळस्पे इथे गुरुकुल उभं केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.) बासरीचा आलापही चांगला, संतूर पण, कारण संतूरचा स्वर टोचत नाही, वाजतो आणि विरतो.

पण एक काळजी घ्या. सतार किंवा सरोद लावलं तर आधी आलाप, मग लय धरणारा 'जोड' आणि मग 'झाला' असा क्रम असतो, आणि हा शेवटचा 'झाला' नावाचा भाग म्हणजे वेगाचा कळस. मी एकदा नायिका माहेर सोडून निघतानाचा प्रसंग वाचत होते, तिने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि इकडे कानात 'झाला' सुरू, बोटं नुसती धावतायत. तो परिच्छेद मी तीनदा वाचला आणि शेवटी पुस्तकच उलटं ठेवून सतार ऐकली. चूक सतारीची नाही, ते वादन ऐकण्यासाठीच असतं. थॉम्पसन, शेलनबर्ग आणि लेटनिक यांचा २०१२ चा अभ्यास पण हेच सांगतो, संगीत नुसतं जलद किंवा नुसतं मोठं असताना फारसं बिघडलं नाही, जलद आणि मोठं दोन्ही एकदम झालं तेव्हा वाचलेलं समजणं घसरलं. म्हणून आलाप आणि जोड होईपर्यंतचा टायमर लावा, विसेक मिनिटं, आणि परत पहिल्यापासून.

ख्याल? विलंबित, म्हणजे संथ ख्यालात शब्द इतके ताणलेले असतात की ते शब्द राहतच नाहीत, त्यामुळे चालतो. पण गायकाचा गळा ओळखीचा असेल तर नाही जमत, भीमसेनजी किंवा किशोरीताई मागे लावून पुस्तक वाचणं मला तरी शक्य नाही, कान तिकडेच जातात. तराण्यात अर्थाचे शब्द नसतात म्हणून तो चालेल असं वाटतं, पण तो बहुतेक वेळा द्रुत, म्हणजे जलद असतो, तेव्हा नको.

रागाची वेळ पाळायची का?

नियम म्हणून नाही. पण संध्याकाळी पूरिया धनाश्री आणि रात्री उशिरा मालकंस किंवा दरबारी लावून बघा, खोलीतल्या उजेडाशी ते जुळतं. सकाळी लवकर वाचायची सवय असेल तर ललत किंवा भैरव.

पावसाचा आवाज सगळ्यांनाच का आवडतो?

कारण त्यात बातमी नसते. आपले कान सतत बदल शोधत असतात, दार वाजलं, कोणी हाक मारली, काहीतरी पडलं. एकसारखा चालणारा आवाज मेंदू थोड्या वेळाने बाजूला सारतो. पंख्याचं बघा ना, रात्रभर घरघरतो आणि ऐकू येत नाही, आणि लाइट गेली की पंखा थांबल्याचा आवाज ऐकू येतो आणि जाग येते. पाऊस तसाच आहे, वर तो जाड आवाज आपल्यात आणि बाहेरच्या खडखडाटात पडद्यासारखा उभा राहतो, त्यामुळे लहानसहान आवाज त्याच्या मागेच राहतात.

माझ्यासाठी मात्र कारण वेगळंच आहे. रत्नागिरीजवळच्या आजोळी पुढच्या पडवीवर पत्रे होते. जुलैतली दुपार, आधी मोजता येतील असे टपोरे थेंब, टप्, टप्, आणि मग एकदम असा कोसळायचा की माजघरातून आजीने मारलेली हाक ऐकूच यायची नाही. मी झोपाळ्यावर, मांडीवर वाचनालयातली खाकी कव्हर घातलेली कादंबरी, दमट हवेने पानं फुगलेली, आणि पान उलटताना ते कागदासारखं वाजायचं नाही, कापडासारखं मऊ वळायचं. त्या पत्र्याच्या आवाजात मी एकेका बैठकीत दोनशे पानं वाचलीयत. आता डोंबिवलीत फ्लॅटमध्ये मार्च महिन्यात मी 'पत्र्यावरचा पाऊस' असं रेकॉर्डिंग शोधून लावते, आणि पहिल्या दोन मिनिटांत खांदे सैल होतात. ज्यांना अशी आठवण नसेल त्यांना समुद्र, ओढा, रेल्वेचा डबा यातलं काहीतरी लागू पडेल, आपापलं शोधा.

एक टीप, ढगांचा गडगडाट नसलेलं रेकॉर्डिंग घ्या. प्रत्येक गडगडाट म्हणजे एक दचका.

व्हाइट, पिंक, ब्राउन नॉइज यात फरक काय?

व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या ताकदीने असतात, आपल्या कानाला तो फिसफिसणारा, चॅनेल नसलेल्या जुन्या टीव्हीसारखा लागतो. पिंकमध्ये स्वर वर जाईल तशी दर सप्तकाला ताकद ३ डेसिबलने उतरते, म्हणून तो मवाळ, पावसाच्या जवळचा. ब्राउनमध्ये ६ डेसिबलने उतरते, लांबच्या धबधब्यासारखा खोल. आणि ब्राउन म्हणजे तपकिरी नाही बरं का, पाण्यातल्या बारीक कणांची अखंड थरथर नोंदवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन, त्यांच्या नावावरून ते आलंय. व्हाइट नॉइज मला अर्ध्या तासात थकवतो, ब्राउन तासन् तास चालतो. आजूबाजूला बोलणं असेल तर पिंक घ्या, नुसता खोल आवाज बोलण्यातली तीक्ष्ण अक्षरं नीट झाकत नाही.

कॅफेचा आवाज लावतात ते बरं का?

२०१२ मध्ये मेहता, झू आणि चीमा यांच्या अभ्यासात साधारण ७० डेसिबलच्या मध्यम गोंगाटात लोकांना कल्पना जास्त चांगल्या सुचल्या, तिथून ही फॅशन वाढली. पण ते कल्पना सुचण्याबद्दल आहे, वाचण्याबद्दल नाही. खूप जण एकदम बोलतायत आणि एकही शब्द वेगळा ऐकू येत नाहीये असं रेकॉर्डिंग असेल तर ठीक. मराठी किंवा हिंदी वाक्य मधूनच स्पष्ट आलं की संपलं.

लोकलमध्ये वाचते, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊ का?

परवडत असतील तर घ्या, पण अपेक्षा बरोबर ठेवा. हे हेडफोन बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याची उलटी लहर तयार करतात आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. हे इंजिन, एसी, चाकांची घरघर अशा एकसुरी खालच्या आवाजावर छान चालतं. शेजारच्या सीटवरची फोनवरची बडबड मात्र येतेच, थोडी पुसट होऊन. त्यावर उपाय म्हणजे कॅन्सलिंग चालू आणि वर हलका पाऊस. आणि स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येईल एवढी फट ठेवा, मी एकदा शेवटच्या प्रकरणाच्या नादात सरळ कल्याणला पोचले होते. रस्ता ओलांडताना, रुळांजवळ चालताना कान मोकळेच हवेत, याला अपवाद नाही.

आवाज किती ठेवायचा?

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, ८० डेसिबलपर्यंत आठवड्याला ४० तास ठीक, पण ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. वाचनासाठी याच्या जवळपासही जायची गरज नसते. माझी कसोटी साधी आहे, पान उलटल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. (घट्ट बसणारे हेडफोन असतील तर तो तसाही येत नाही, तेव्हा एक कान मोकळा करून बघायचं.) किंडलवर वाचत असाल तर स्वतःचा श्वास ऐकू येतोय का बघा. बाहेर गोंगाट वाढला म्हणून आपण वाढवत जातो आणि घरी आल्यावर कान बधिर होतात, तशा वेळी वाचन उद्यावर ढकला.

मोत्झार्ट (पाश्चात्य शास्त्रीय संगीतकार) लावला की बुद्धी वाढते म्हणतात, खरं का?

नाही. मूळ प्रयोग १९९३ चा, कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवरचा, आणि त्यात आकृत्यांच्या कोड्यांमध्ये १०-१५ मिनिटं टिकणारा फरक दिसला होता. वाचनाचा त्यात संबंधच नव्हता. मोत्झार्ट सुंदर आहे म्हणून ऐका.

पुस्तकाच्या मूडप्रमाणे संगीत निवडावं का?

थोडंसंच. भयकथेला भीतीदायक म्युझिक लावलं की भीती म्युझिकची वाटते, लेखकाने पानभर जी हळूहळू उभी केली असते तिला वावच राहत नाही. ऐतिहासिक कादंबरीला तुतारी-चौघडे लावणारे आहेत, मला ते पटत नाही, शत्रू अजून दहा पानं लांब असतो आणि कानात युद्ध सुरू झालेलं असतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत तर शक्यतो नकोच, त्याला आधीच कोणाचा तरी चेहरा चिकटलेला असतो आणि तो तुमच्या नायकाला येऊन बसतो. पुस्तक उदास असेल तर संगीत उदास नको, तटस्थ असू दे.

एका कादंबरीला एकच ट्रॅक, हे काय प्रकरण आहे?

ही माझी जुनी सवय. कादंबरी सुरू करताना एक रेकॉर्डिंग ठरवायचं आणि संपेपर्यंत तेच. चार दिवस वाचन सुटलं, ऑफिसचं काम आलं, पाहुणे आले, तरी तो आवाज लावला की सोडलेल्या पानात परत शिरायला सोपं जातं. बॅडली यांनीच गॉडन यांच्याबरोबर १९७५ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवर प्रयोग केला होता, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर. जागा आणि आठवण एकमेकींना धरून असतात, आणि माझ्या मते आवाजही एक जागाच आहे. एका पावसाळ्यात बाबा आजारी होते तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर मी एक जाड कादंबरी मालकंसच्या आलापीवर वाचली होती. अजूनही ती आलापी कुठे लागली की मला आधी कादंबरीतला वाडा दिसतो आणि मग तो हिरवट कॉरिडॉर.

मध्येच जाहिरात येते त्याचं काय करू?

फुकट ॲपमध्ये ती येणारच, आणि ती बऱ्याचदा मोठ्या आवाजात वाटते. लांब रेकॉर्डिंग डाउनलोड करून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका, शफल आणि ऑटोप्ले बंद. नोटिफिकेशनचा टिंग पण त्यातच जातो. एक तासाची एकच फाइल ही पंधरा ट्रॅकच्या प्लेलिस्टपेक्षा बरी, कारण दोन ट्रॅकमधली शांतता पण लक्ष वेधून घेते.

घरच्यांना वाटतं मी हेडफोन घालून त्यांना टाळते.

सांगून बसा. आमच्याकडे ठरलंय, हेडफोन लावले असतील तर हाक मारायची नाही, समोर येऊन हात दाखवायचा. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर स्पीकरवर हळू लावा, कान बंद नको.

मला काहीच लावलं की वाचता येत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

अजिबात नाही. १९९७ मध्ये फर्नम आणि ब्रॅडली यांना दिसलं होतं की मागे पॉप संगीत असताना अंतर्मुख लोकांचं वाचलेलं समजणं बहिर्मुख लोकांपेक्षा जास्त बिघडतं. माणसामाणसात फरक असतो. तुम्हाला शांतता लागत असेल तर तिचा माग काढा. पहाटे पाच ते साडेसहा, किंवा जुनी वाचनालयं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. अशा जागी बसलं की शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे हे कळतं, तिथे पंखा असतो, खुर्ची सरकते, कोणीतरी खाकरतं, पण कोणी तुमच्याशी बोलत नाही.

सुरुवात कशी करू? आजच करायचीये.

पहिली दहा पानं काहीही न लावता वाचा. पात्रं कोण, सांगतंय कोण, भाषा कोणती, हे शांतपणे कानावर पडू दे. मग तानपुरा किंवा पाऊस, अगदी हळू. अर्ध्या तासाने आवाज बंद करा आणि मागच्या दोन पानांत काय झालं ते स्वतःला सांगा. सांगता आलं तर चालू ठेवा, नाही आलं तर आवाज आणखी कमी किंवा बदला.

शेवटच्या पन्नास पानांना काय लावतेस?

काही नाही. पन्नास पानं उरली की हेडफोन काढून बाजूला ठेवते, मग कुकर वाजू दे नाहीतर ड्रिल. तोपर्यंत त्या माणसांचे आवाज इतके ओळखीचे झालेले असतात की त्यांना साथ लागत नाही.